तेलाची वाटी

देठ खुडता खुडता सुरुपसिंगने निम्मी मिरचीच तोडली आणि बिया मांडीवर सांडल्या. समोर बसलेल्या गंगीबाईला हसायला तेवढं निमित्त पुरलं.

"देठ खुडी ऱ्हायना का सोनं पारखी ऱ्हायना, भाऊ?"

चाळीस बायका खदखदून हसल्या. नंदुरबारच्या या मिरच्या वाळवायच्या पथारीवर त्याने वीस वर्षं पोती वाहिली होती. दिवाळीत मणका सरकला आणि डॉक्टरांनी ओझ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दोन महिने घरात बसून माणूस पार कुजला होता. शेवटी मुकादम अमृतच्या हातापाया पडून आज तो बायकांच्या रांगेत बसला होता, तोही एका दिवसाच्या बोलीवर.

"हाई बायास्नं काम शे," अमृत सकाळीच म्हणाला होता. "नही जमनं तं सकाय येऊ नको."

तेव्हा शेजारी बसलेल्या सुरुपसिंगच्या बायकोने, रमिलाबाईने, तेलाची वाटी पुढे केली होती. "हातले लाव."

"मी काय बाई शे?" म्हणून त्याने वाटी परत सरकवली. हमालीचे घट्टे पडलेल्या हाताला मिरची काय करणार?

काय करते ते दुपारी कळलं. बोटं पेटली, सुजली. देठ कुठे संपतो आणि मिरची कुठे सुरू होते तेच समजेना. रमिलाबाई तर खाली बघतही नव्हती. तोंड गंगीबाईशी बोलत होतं, बोटं आपली चालूच होती. गोफणीचा नेम पुरुषाला आणि असलं बारीक काम बाईला, हे जन्मतःच वाटून मिळतं अशी त्याची पक्की समजूत होती.

संध्याकाळी त्याची पाटी निम्मीही भरली नव्हती. अमृत तोंड उघडणार तोच रमिलाबाई म्हणाली,

"पह्यले दिन मन्ही पाटी इतली बी भरेल नव्हती. याद शे का?"

अमृतने डोकं खाजवलं. "शे. रडी रडी खुडी ऱ्हायंती तू." मग सुरुपसिंगकडे न बघताच म्हणाला, "सकाय ये."

घरी तिने भाकरी वाढली. मोडायला गेला तर बोटांची आग मस्तकात गेली. तिने भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली, आणि त्याला तिची एक जुनी भाकरी आठवली.

सोळा वर्षांपूर्वी, पथारीवरच्या तिच्या पहिल्या दिवशी, तिने भाकरी केली होती ती जाड, फाटलेली, कडेला कच्ची. 'मिरच्याच खुडल्या ना, डोंगर नाही उचलले,' असं म्हणून त्याने ती कुत्र्यापुढे फेकली होती. ती हात पाठीमागे धरून उभी होती. का, ते त्याने विचारलं नव्हतं.

"रमिला, त्या दिनले..."

"खा. थंडी व्हयी ऱ्हायनी."

सकाळी चाळीस बायकांसमोर त्याने तेलाची वाटी मागून घेतली. गंगीबाई हसली. या खेपेला तोही हसला. रमिलाबाईच्या हातांकडे बघायची हिंमत मात्र त्याला दुपारपर्यंत झाली नाही.