बाबांची खळ

बाबा हाताने पुस्तकं बांधायचे. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या घड्या घालायच्या, त्या सुईदोऱ्याने शिवायच्या, पाठीला पीठ शिजवून केलेली खळ लावायची आणि वर पुठ्ठा चढवायचा. एकाच छापखान्यात त्यांनी हे चोवीस वर्षं केलं. मग तिथे बांधणीचं यंत्र आलं आणि मालकाने पाचही बाइंडरांना एके दिवशी आत बोलावून, चहा पाजून घरी पाठवलं. "त्याने चहा मागवला तेव्हाच मला शंका आली," असं बाबा पुढे हसत सांगायचे. त्या दिवशी मात्र ते हसले नव्हते. मी तेव्हा दहा वर्षांची होते, ताई चौदाची.

महिन्याभरात आईने काम धरलं. औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायचा कारखाना होता, वेळ दुपारी बारा ते आठ. पहिल्या दिवशी चपला पायात सरकवत ती दारातूनच म्हणाली, "संध्याकाळचं जेवण तुम्ही बघा. मला यायला साडेआठ होतील."

जणू बाबा रोजच बघत होते! त्यांनी निमूटपणे मान हलवली आणि दार लागल्यावर बराच वेळ आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात नुसतेच उभे राहिले.

पहिले चार दिवस भात आणि उकडलेले बटाटे. पाचव्या दिवशीही तेच समोर आलं तेव्हा ताईने ताट पुढे ढकललं. "बाबा, यापेक्षा उपाशी झोपलेलं परवडलं."

ताईच्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. आत्ताही फारसं नाही. बाबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मला आयुष्यात शिजवता येते ती एकच गोष्ट. खळ."

"मग खळच करा!" ताई फणकारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच खळ केली. आधी कांदा चिरला, तोही कागदासारखा पातळ, एक चकती दुसरीपेक्षा जाड नाही. चमचाभर तेलात तो मंद आचेवर परतत बसले. मी दोनदा जाऊन बघून आले, तरी ते तिथेच. कांदा गडद तपकिरी झाल्यावर त्यात दोन चमचे पीठ घालून खमंग भाजलं आणि मग थोडं थोडं गार पाणी ओतत ढवळायला लागले.

"हात थांबवायचा नाही," ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "गुठळी राहिली की पुठ्ठा फुगतो."

"बाबा, आपण जेवणार आहोत," मी आठवण करून दिली.

"हो, हो. पोटही फुगतं."

त्यात बटाट्याच्या फोडी, मीठ, मिरपूड. कालचा पाव तव्यावर कडक भाजून त्याच्यावर लसणाची पाकळी घासली. घरभर असा वास सुटला की शेजारच्या शिवणकामवाल्या काकू "आज काय विशेष?" म्हणत दारात येऊन उभ्या राहिल्या. ताई एक शब्द न बोलता जेवली. शेवटी पावाचा तुकडा घेऊन तिने पातेलं आतून असं पुसलं की ते घासायचीही गरज उरली नाही. मग म्हणाली, "उद्यापण खळच करा."

तिथून बाबांना नादच लागला. दिवस मावळता मावळता भाजीवाल्या आवराआवर करायला लागल्या की ते पिशवी घेऊन निघायचे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना त्यांची दया आली असावी. "टणक टोमॅटो श्रीमंतांना दाखवायला असतात," मावशी सांगायच्या. "शिजवायला हे मऊ पडलेले घ्या. आणि कोबीची वरची पानं टाकू नका, चव तिथेच असते." बाबा शाळेतल्या मुलासारखे ऐकून घ्यायचे. चौघांत तीनच अंडी असली तर ती कोबीत आणि पिठात फेटून त्यांचे असे जाड थर भाजायचे की अंडी कमी आहेत हे कळायचंही नाही. बटाट्याची सालं धुऊन, मीठ लावून कुरकुरीत तळायचे. त्यासाठी मी आणि ताई अक्षरशः भांडायचो. आईचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ती यायची, हातपाय धुवायची, जेवायची आणि म्हणायची, "मीठ बरोबर झालंय." याहून जास्त कधी नाही.

आईला रविवारी सुट्टी. त्या दिवशी स्वयंपाक तिचाच. असाच एक रविवार होता. तिने मसुरीची डाळ केली होती, तिची नेहमीची. मी पहिला घास घेतला आणि सहज बोलून गेले, "बाबांसारखी नाही झाली."

वाढता वाढता आईचा हात थांबला. "हो का?" एवढंच म्हणाली. मग वाढलं, जेवली आणि चार भांडी घासायला तिने नेहमीच्या दुप्पट वेळ लावला. ताईने मला टेबलाखालून असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीही वळ होता.

सोमवारी संध्याकाळी मी ओट्याजवळ बसून गणितं सोडवत होते. बाबांनी कांदा तव्यावर टाकला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. कांदा तपकिरी झाला, मग काळा. धूर यायला लागला.

"बाबा, करपतंय!"

"असू दे," ते म्हणाले. तव्याला त्यांनी हातही लावला नाही.

साडेआठला आई आली. दोन घास खाल्ले आणि बाबांकडे बघत राहिली.

"हे मुद्दाम केलंत."

"छे गं, लक्ष नव्हतं."

"चोवीस वर्षांत तुमच्या हातून एक पान उलटं शिवलं गेलं नाही, आणि मला सांगताय लक्ष नव्हतं? माझी समजूत घालायला तीन कांदे जाळलेत! आपल्याला परवडतं का हे?"

बाबांनी मान खाली घालून करपलेला तवा खरवडायला घेतला. आईला हसू फुटलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "धाकटी काल डाळीला बोलली, त्याचं नाही हो काही," ती म्हणाली. "दिवसभर तिकडे बाटल्या. घरी यावं तर इथलं सगळं माझ्यावाचून छान चाललेलं. मग मी कुठे आहे, असं वाटतं."

"तुझ्यावाचून?" बाबांनी मान वर केली. "अगं, सात वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. या पोरी काय, काहीही खातात. मी स्वयंपाक करतो तो तुझ्या ताटासाठी."

"काहीही?" ताई म्हणाली. पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आईने ताट पुन्हा पुढे ओढलं आणि तो करपलेला कांदा शेवटपर्यंत खाल्ला. आम्हालाही खायला लावला. कडू होता, पण कुणी कुरकुर केली नाही.

पुढे दीड वर्षाने बाबांना एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण काम त्यांच्या हातातलं. आईने कारखाना सोडला नाही. ती तिथे मुकादम झाली, आणि तिच्या हाताखालच्या बायका तिला जरा घाबरूनच असायच्या. हातात पैसा खेळायला लागल्यावर आमच्याकडेही ताजी भाजी आणि चौघांना चार अंडी यायला लागली.

मला मात्र आठवतात ते मधल्या दीड वर्षातले रविवार. दोघंही स्वयंपाकघरात. जागा एवढी कमी की एकाने डबा काढायचा तर दुसऱ्याने पोट आत ओढायचं. आईने ठेचलेला लसूण कडकडीत तेलात परतून बाबांच्या रश्श्यावर ओतला तेव्हा बाबांनी एकदा चाखून लगेच दुसरा चमचा भरला. "हे आधी का नाही सांगितलंस?" "तुम्ही विचारलंत कधी?" मग मिठावरून वाद, आचेवरून वाद, चमचा कुणी उचलला यावरून वाद. जेवण तासभर लांबायचं. मी आणि ताई उंबऱ्यावर बसून राहायचो, भुकेने जीव कासावीस व्हायचा. पण ताईसुद्धा त्यांना आवरा म्हणायची नाही.