साळूची फळी

मे महिन्यातल्या धुकट सकाळी इर्मट्राउटला तलावाच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी तरंगताना दिसलं. पानं असतील म्हणून तिनं जाळी पुढे सरकवली आणि हात जागीच थांबला. मेलेला साळू. साळिंदरासारखं काटेरी अंग, इवलंसं तोंड, पण ओंजळीत मावेल एवढा. रात्री पाणी प्यायला आला असणार आणि गुळगुळीत फरशीवरून परत चढता आलं नसणार.

"गेरोल्ट! फळी कुठंय?"

गेरोल्ट पंपघरातून बाहेर आला. गावाचा हा पोहण्याचा तलाव गावकऱ्यांचं मंडळच चालवायचं; पंप गेरोल्टकडे, पाण्याची शुद्धता इर्मट्राउटकडे. चुकून पडलेल्या जनावरांना चढून येता यावं म्हणून रात्री कडेला एक फळी तिरकी सोडायची, हा जुना नेम.

"रंगवायला काढली काल. आज हंगामाच्या उद्घाटनाला ब्रेमकेसाहेब येणार, ती जुनाट फळी बरी दिसली असती का? अजून ओली आहे."

"साहेबांना छान दिसावं म्हणून!"

"बरं बाई, चुकलं. आण ते इकडे, झुडपामागे पुरतो. थोडं क्लोरीन टाकू, दुपारी पोरं उड्या मारतील. कुणाला कळतंय?"

ब्रेमके नगरपालिकेचे. आणखी एक जरी अडचण आली तरी तलाव मातीनं बुजवू, असं ते गेल्या सभेत सांगून गेले होते. उद्घाटनालाच दार बंद दिसलं, तर त्यांना आयतं कारण मिळणार होतं.

इर्मट्राउटनं हातमोजे चढवले. साळूला जुन्या टॉवेलात गुंडाळताना तिला टिलमान आठवला, तिच्या लहानपणीचा इथला रखवालदार. त्यानं असाच एक मेलेला उंदीर लपवला होता. बातमी फुटली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं, तरी कुणी उतरलं नाही. पोहायचा पोशाख काखेत गुंडाळून ती अख्खा उन्हाळा कुंपणाबाहेर उभी राहायची. आत ते निळं पाणी, कापलेल्या गवताचा वास, आणि माणूस एक नाही.

"आज कुणी उतरायचं नाही," ती म्हणाली. "आणि का, ते मी दारात सांगणार."

"अगं, कायमचं बंद होईल!"

"तू गाळणी धुवायला घे."

गेरोल्ट पुटपुटत गेला. तिनं क्लोरीन वाढवलं आणि कडेच्या फरशा ब्रशनं घासायला घेतल्या.

दुपारी दाराशी गर्दी जमली, केकचे डबे, टॉवेल, किलबिलणारी पोरं. इर्मट्राउटनं सरळ सांगून टाकलं. "पाण्यात साळू बुडून मेला. फळी काढली होती, चूक आमची. पाणी उद्या सकाळी शुद्ध होईल, तोवर कुणी उतरायचं नाही."

मागून एक बाई म्हणाली, "शी!" दोघं-तिघं परत वळले. दारालगतच्या नव्या बाकावर बसलेले ब्रेमके हसले. "हे होणारच होतं, इर्मट्राउटबाई."

तेवढ्यात काठी टेकत म्हातारी आडेलहाइट पुढे आली.

"साळूच ना गं? मला वाटलं, ब्रेमके बुडाला!"

खसखस पिकली. म्हातारी थेट गवतावर गेली, मोठ्या झाडाखाली आपल्या नेहमीच्या जागेवर तिनं टॉवेल अंथरला. "उद्यासाठी जागा धरते. ही माझी. नाहीतर तुम्ही मेले पहाटेच येऊन बसता."

"अहो आज्जी, ती आमची जागा!" शेजारचा क्नूट ओरडला आणि आपला टॉवेल घेऊन धावला. मग बाकीचेही. परत वळलेले ते दोघं-तिघंसुद्धा. बघता बघता हिरवळ टॉवेलांनी भरून गेली. ब्रेमके बाकावरून बघत राहिले. पाण्यात कुणी नव्हतं, आणि गवतावर पाय ठेवायला जागा नव्हती.

गेरोल्ट स्क्रू फिरवायचं हत्यार घेऊन बाकापाशी आला.

"साहेब, जरा उठता का?"

"का?"

"रंगवलेली फळी अजून ओली, रात्री पाण्यात सोडता येत नाही. बाकाची ही फळी कोरी आहे."

ब्रेमके उठले.