उघाडीची दोरी

"माझ्या परवानगीशिवाय खाडीचं पाणीसुद्धा आंबेखारात पाऊल टाकत न्हाय," जीवन पाटीलनं नाक्यावरच्या टपरीवर जाहीर केलं आणि बिस्कीट चहात बुडवलं. बिस्कीट अर्ध्यात तुटून तळाला गेलं. हा अपशकुनच होता, पण जीवन शकुन-अपशकुन मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं चमचा मागितला.

बाहेर अमावास्येची भरती चढत होती.

जीवन म्हणजे सरपंच हेमालीचा नवरा. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा 'हेमालीला मी उभी केली' असं जीवन सांगायचा. 'आम्ही तिला निवडून आणली' असं गाव सांगायचं. हेमाली काहीच सांगायची नाही, तिला कामं असायची. जीवननं मात्र स्वतःचं कार्ड छापून घेतलं होतं, 'सरपंचपती'. आणि ग्रामपंचायतीचा शिक्का तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा, शाईच्या डबीसकट. उकाड्यात घाम आणि शाई एक झाली की छातीवर निळा गोल उमटायचा. गावातली पोरं त्याला मागून 'अधिकृत' म्हणायची. जीवनला वाटायचं, मानानं म्हणतात.

"राहू दे शिक्का तुमच्याकडं," हेमाली म्हणायची. "सही तर माझीच लागते."

त्या दिवशी सकाळी ओहोटीला जीवननं नव्या उघाडीचं उद्घाटन केलं होतं. आंबेखारची अर्धी भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे वरून टांगलेला लाकडी दरवाजा. ओहोटी लागली की शेतातलं जादा पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीच त्याला बाहेरून दाबून बंद करते. पणजोबांच्या काळापासून हे असं चाललंय. उघाडीला शिपाई लागत नाही, पुढारी लागत नाही. तिची एकच अट, तिला तिच्या मनानं हलू द्यायचं.

जुना दरवाजा कुजला होता. नवा मिळावा म्हणून हेमालीनं सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि मिळाल्यावर जीवननं त्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पेंटरनं ते नेमकं खालच्या अंगाला लिहिलं, जिथं चिखल असतो. फोटोत नाव दिसायला हवं, म्हणून जीवननं दरवाजा वर उचलला आणि पिवळ्या नायलॉनच्या दोरीनं खांबाला करकचून बांधला. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, फोटो झकास आला. मग सगळे वडापाव खायला गेले.

दोरी कुठंच गेली नाही.

"जीवन्याऽ!" टपरीच्या तोंडाशी येसूबाई उभी होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली, लुगडं खोचलेलं, धापा टाकत. म्हातारी एकटी राहायची. तिचं शेत उघाडीच्या अगदी तोंडाशी, गावातलं सगळ्यात खालचं. लावणी नुकतीच उरकली होती. "अरे, माझ्या भातात बोय मासे पोहतान!"

"मासळी घरपोच आली की येसूआय," कोणीतरी म्हणालं. "पागाचं जाळं टाका."

"तुझ्या टकुऱ्यात टाकते पाग! पाणी खारं हाय, मेल्या. माझं वर्षाचं भात जळेल!"

"शक्यच न्हाय," जीवन म्हणाला. "आजच नवीन दरवाजा..." आणि त्याला दोरी आठवली. बिस्कीट गेलं त्याच वाटेनं त्याचं काळीज गेलं.

तो उठला. सगळ्यांना वाटलं, बांधाकडं निघाला. तो स्कूटरकडं निघाला होता. आगरदांड्याला जायचं, फेरीबोटीतून दिघीला उतरायचं आणि बहिणीकडं दिवेआगरला वाडीत सुपाऱ्या मोजत बसायचं, एवढी योजना किक मारेपर्यंत तयार झाली होती. किक बसली. स्कूटर चालू झाली. समोर हेमाली उभी होती.

"कुठं?"

"दिवेआगरला. ताईचा फोन आला. वाडीत सुपारी पडलीय म्हणे."

"पडलीय ना? मग ती काय उठून पळत न्हाय. सरका मागं."

तिनं हँडल हातात घेतलं. येसूबाईला मध्ये बसवलं, सरपंचपतीला सगळ्यात मागं, आणि स्कूटर बांधाकडं निघाली. खड्ड्याखड्ड्याला येसूबाई जीवनला कोपर मारत होती. निम्मे कोपर खड्ड्यांमुळं होते.

बांधावर गाव आधीच जमलं होतं. उघड्या दरवाज्यातून खाडी नवरदेवाच्या वरातीसारखी आत घुसत होती, आणि बाजूची माती ढेकळाढेकळानं तिच्यात सामील होत होती. दोरीची गाठ पाण्याच्या ओढीनं दगडासारखी झालेली. सगळ्यांच्या पुढं काळूरामशेठ उभा. त्याचे डंपर चालायचे, आणि त्याची सून हेमालीविरुद्ध निवडणूक हरली होती. त्याच्या हातात कोयता होता आणि चेहऱ्यावर सण.

"आधी मला सांगा," तो म्हणाला, "ही दोरी कुनी बांधली?"

जीवनच्या डोक्यात उत्तरं गर्दी करून आली. वारा. पोरं. विरोधक. त्यानं तोंड उघडलं, "ते काय झालं, पोरांनी..."

"दोरी आमच्या घरची हाय," हेमाली म्हणाली. "परवा मी हिच्यावर गोधडी वाळत घातली होती. चूक आमच्या घरची. दादा, कापा."

काळूरामला एवढ्या लवकर उत्तर नको होतं. त्याचं भाषण घशातच राहिलं. त्यानं कोयता मारला, दरवाजा धाडकन खाली आला आणि उडालेलं सगळं पाणी नेम धरल्यासारखं जीवनवर पडलं. आत येणारी खाडी थांबली, भरतीचा जोरही सरत आला होता. पण दरवाज्याच्या कडेला बांध माणूसभर ढासळला होता. खांड पडली होती, आणि रात्रीच्या भरतीला तिथून खाडी पुन्हा आली असती, आमंत्रणाशिवाय.

"राजीनामा दे, हेमाली," काळूराम म्हणाला.

"देते की. पण लिहायला कोरडी जागा तर पायजे. आधी खांड बुजवू, मग तुम्ही म्हणाल तिथं सही करते." ती गावाकडं वळली. "घरटी एक माणूस. रीत ठाऊक हाय सगळ्यांना. ज्याच्यामुळं खांड पडली त्याचं घर पहिलं उतरतं. चला हो."

'हो' जीवनसाठी होतं. दोन-चार पोरांनी बाह्या सरसावल्या होत्या, त्या चिखलासाठी नव्हत्या. पण हेमाली आपणच पदर खोचून पहिलं ढेकूळ उचलत होती. आता सरपंचीण चिखलात उभी असताना तिच्या नवऱ्याला मारायचं कसं, हे कुणालाच ठरवता येईना. बाह्या वर होत्याच, मग पोरांनीही ढेकळं उचलली.

जीवननं शर्ट काढून खांबाला अडकवला आणि तो खांडीत उतरला. कमरेपर्यंत गाळ. वरून काळूराम ढेकळं देत होता. देत होता म्हणजे फेकत होता.

"घ्या, सरपंचपती!"

"हळू, शेठ!"

"का? परवानगी लागते का?" टपरीवरची फुशारकी स्कूटरच्या आधी बांधावर पोचली होती.

असं बराच वेळ चाललं. मग ढेकळं हळूहळू मऊ पडायला लागली. काळूराम दमला असेल, असं जीवनला वाटलं. तसं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात काळूरामच्या डंपरनं गावाची नळाची लाईन फोडली होती. माल कायद्यापेक्षा जास्त, ड्रायव्हर झोपलेला, आणि बायका हंडे घेऊन त्याच्या दारात. तेव्हा ही हेमालीच दारात आडवी उभी राहिली होती. "आधी पाईप जोडू, माणूस कुठं पळून चाललाय?" म्हणाली होती, आणि काळूरामच्या हातात पान्हा दिला होता. ते काळूरामला आत्ता, हातातल्या ढेकळाबरोबर आठवलं असावं. पुढचं ढेकूळ त्यानं वाकून जीवनच्या हातात ठेवलं.

खांड बुजली. उरलं येसूबाईचं भात. दुपार कलली, ओहोटी लागली, नवा दरवाजा आपला आपण उघडला आणि खारं पाणी निघालं. पण रोपांच्या मुळाशी मीठ बसलं होतं. ते धुवायला गोडं पाणी हवं, आणि गोडं पाणी होतं वरच्या शेतांत, ज्यानं त्यानं पावसाचं अडवून ठेवलेलं. ते सोडलं आणि पुढं पावसानं दडी मारली, तर आपलं भात सुकणार. अशा वेळी शेजाऱ्याला ऐकू कमी येतं.

हेमालीनं कुणाला काही म्हटलं नाही. फावडं घेतलं, स्वतःच्या शेतावर गेली आणि बांधाला भोक पाडलं. पाणी खळखळत येसूबाईच्या शेताकडं उतरलं.

काळूराम बघत होता. "तुझं पाणी पुरायचं न्हाय," तो ओरडला. "तुझं शेत म्हणजे परात हाय!"

"जेवढं हाय तेवढं, दादा."

काळूरामनं खाडीला एक शिवी दिली, मग जीवनला एक, आणि फावडं मागवलं. त्याचं शेत मोठं. त्याचं पाणी सुटल्यावर मागच्यांना लाज वाटायला लागली, आणि एकेक बांध फुटत गेला. येसूबाई आपल्या शेतात उभी राहून दर थोड्या वेळानं बोट बुडवून चाखत होती.

"खारट. अजून सोडा."

"आता?"

"माझ्या जावेच्या कालवणाएवढं. अजून."

"आता, येसूआय?"

तिनं बोट चाखलं. परत चाखलं. मग पदर डोळ्यांना लावला, तेव्हा गावाला कळलं, पाणी गोड झालं.

"आणि राजीनामा?" गर्दीतून कुणीतरी आठवण केली.

"कोन घेनार तो?" काळूराम म्हणाला. "मी? मग दर अमावास्येला हा मानूस कुनी सांभाळायचा?"

दिवस मावळायला टेकला होता. जीवन बांधावर बसला होता, गळ्यापर्यंत गाळानं लिंपलेला, सणाच्या आधीच्या मूर्तीसारखा. हेमालीनं त्याच्या हातात चहाचा पेला दिला. तिचेही हात कोपरापर्यंत काळे. त्याला वाटलं होतं, आता ती बोलेल. ती चहाच पीत होती.

"हेमा," तो म्हणाला. "तू 'माझ्या नवऱ्यानं' म्हणाली असतीस, तरी खरंच होतं."

"व्हय."

"'आमच्या घरची' म्हणालीस."

"मग? घरातच राहता ना? का दिवेआगरला?"

लग्न झाल्यापासून त्यानं तिचे आभार कधी मानले नव्हते. ते मानायची कुठून सुरुवात करतात हेच त्याला माहीत नव्हतं. गाव कोयते-फावडी गोळा करून निघालं होतं. तो उभा राहिला.

"थांबा सगळे! मला बोलायचंय."

"झालं," काळूराम म्हणाला. "उद्घाटन."

"न्हाय, शेठ. तुमचे उपकार. सगळ्यांचे. येसूआय, तुझी माफी. आणि आजपासून ग्रामपंचायतीचा शिक्का सरपंचांकडं राहील. मी तुमच्यासमोर तो त्यांच्या हातात देतो." आणि त्यानं छातीवर हात नेला. छाती उघडी होती. त्यानं खांबाकडं पाहिलं. खांबावर काही नव्हतं.

"माझा शर्ट?"

"निळा डाग पडलेला?" येसूबाई म्हणाली. "दरवाज्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं. मी कोंबला आत. वर चिखल बसवला चांगला."

"त्याच्यात शिक्का होता, येसूआय!"

"मला काय ठाऊक? फडकं म्हणून बरं होतं."

काळूरामनं बुजलेल्या खांडीवर पाय आपटून पाहिला. बांध हलला नाही. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," तो म्हणाला, "आपला बांध अधिकृत झाला."

सगळ्यात मोठ्यानं हेमाली हसली. मग जीवनही हसला, आणि हसता हसता त्याला जे म्हणायचं होतं ते तिला न सांगताच कळलं असावं, कारण तिनं आपल्या पेल्यातला उरलेला चहा त्याच्या पेल्यात ओतला.

बांध फोडून शिक्का काढायचं कुणी सुचवलं नाही. येसूबाईचं भात एका कोपऱ्यात पिवळं पडलं, बाकीचं तरारलं. भात कापून झाल्यावर ती एका सकाळी हेमालीच्या दारात आली, हातात हातभर लांब जिताडा मासा. उघड्या उघाडीतून पिल्लू म्हणून आत आलेला तो तिच्या शेततळ्यात वाढला होता.

"हा तुमच्या दोरीचा," ती म्हणाली. "डोकं जीवन्याला वाढ. त्याला लागेल."

नवा शिक्का अलिबागला करायला टाकला होता. तो आणायला कुणाला पाठवायचं, असं ग्रामपंचायतीत निघालं, तेव्हा सगळ्यांसमोर हेमाली म्हणाली, "हे आणतील." जीवनची मान खाली गेली आणि डोळे भरले. त्यानं नवा शर्ट घातला, वेळेवर अलिबागला पोचला, शिक्का तीनदा उमटवून तपासून घेतला आणि रुमालात बांधला.

येताना तो रेवदंड्याच्या रिक्षात विसरला.