न समजलेलं चित्र

मुलीनं चहाचा कप बाजूला सारला आणि नवा कागद आईपुढे पसरला. कागदावर शंभर चिमुकल्या बायका रांगेनं उभ्या होत्या. चार केशरी, बाकीच्या राखाडी.

"तुझ्यासारख्या शंभर जणींचं हे हृदयाचं ऑपरेशन केलं, तर या चौघींच्या जिवाला धोका. बाकीच्या सुखरूप घरी येतात."

आईनं चष्मा नाकावर खाली ओढून बराच वेळ कागद न्याहाळला.

"नाही बाई डोक्यात शिरत."

मुलीनं सुस्कारा गिळला. रुग्णालयांसाठी असली चित्रं काढणं हेच तर तिचं काम. टक्केवारीनं लोक गांगरतात, म्हणून तिनं आधी दोन गोल काढून त्यांच्या फोडी रंगवल्या होत्या, एक ऑपरेशनचा, एक न करण्याचा. मग उभे खांब, मग ठिपके. आई दर वेळी मान हलवायची आणि मुलगी ऑफिस सुटल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाहून पुन्हा यायची. एरवी तिला महिनामहिना सवड व्हायची नाही. डॉक्टर मात्र घाई करत होते. हृदयाची झडप पार थकली होती, आणि आई धड होही म्हणेना, नाहीही.

दुसऱ्या दिवशी चारही केशरी बायका एका ओळीत आणून ती पुन्हा आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई फोनवर मावशीशी बोलत होती.

"अगं, त्यात न कळण्यासारखं काय आहे? केलं तर शंभरांत चौघी दगावतात, नाही केलं तर दोन वर्षांत निम्म्या. मला पहिल्याच दिवशी कळलं. काय सुबक गोल काढले होते पोरीनं!... सांगेन की. पण एकदा सांगितलं की झालं. परत कशाला येतेय ती?"

मुलगी जिन्यातच थबकली. कागदाची सुरळी मुठीत चुरगळली. मग उगाचच खोकत तिनं दार ढकललं.

"आलीस? आण बघू. आज तरी कळतंय का पाहू."

मुलीनं सुरळी पर्समध्ये कोंबली आणि ती आईला खेटून पलंगावर बसली.

"चित्र राहू दे. आई, आजपासून मी इथंच राहणार आहे. ऑपरेशन होऊन तू हिंडूफिरू लागेपर्यंत, आणि नंतरही थोडे दिवस."

"आणि ऑफिस?"

"इथूनच जाईन."

आईनं उठून कपाटातून धुतलेला अभ्रा काढला, दोनदा झटकला आणि उशीला चढवू लागली.

"मग डॉक्टरांना कळवून टाक," ती पाठमोरीच म्हणाली. "बिचाऱ्यांना किती ताटकळत ठेवायचं?"