नळाला गोड पाणी येईपर्यंत

२०१६ साली, नोटा बंद झाल्या त्याच महिन्यात, आमच्या गावात नगर परिषदेची निवडणूक झाली. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता आणि पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं होतं. माझ्या धाकट्या भावाची, देवमनची मुलगी ज्योत्स्ना तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अमरावतीहून वकिलीची परीक्षा पास होऊन नुकतीच घरी आली होती.

आमचं गाव बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना लागतं. खारपाणपट्टा आहे हा. जमीन काळीभोर, कपाशी छातीएवढी होते, पण विहीर खोदा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. पाहुणे येताना आपलं पाणी बरोबर आणतात आणि आम्हाला त्याचा राग येत नाही.

गोड्या पाण्याची एकच विहीर होती, वरच्या आळीत. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीला तिच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती. आई घागर खाली ठेवून बाजूला उभी राहायची. कोणी आपलं भरून झाल्यावर ओतलं तर ओतलं. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असे. पुढं आम्ही बौद्ध झालो, मी शिकले, अकोल्याला शाळेत नोकरीला लागले. ओट्यावर चढायची बंदीही हळूहळू गेली, पण तोवर त्या विहिरीचंही पाणी खारं झालं होतं. आई ते सांगताना हसायची. मला कधी हसू आलं नाही.

पद राखीव निघाल्यावर खुशालराव आमच्या घरी आले. दोनदा अध्यक्ष राहिलेले, गावचे जुने पुढारी.

"देवमन, पोरीले उभं कर. निवडून आनायचं माह्याकडं. तिनं फक्त सही करायची, बाकी आमी हावोच."

ज्योत्स्ना चहा घेऊन आली होती. "सही मी वाचून करते, काका. मले वाचाले वेळ लागते."

"वकील झाली ना बाप्पा तुही पोट्टी," खुशालराव देवमनकडे बघून म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. त्यांनी दुसरी बाई उभी केली. ज्योत्स्ना स्वतःच्या जोरावर उभी राहिली.

शेवटची सभा आमच्याच वस्तीत, पार्बताबाईच्या ओट्यासमोर झाली. पार्बताबाई कापूस वेचायला बायांची टोळी नेते. तोंडानं तिखट. तिनं मधूनच विचारलं, "सारं खरं, पोरी. पन तुह्यं लगन ठरून राहिलं म्हनते अकोल्याले. उद्या तू गेली सासरी, तं आमी कोनाच्या दारात घागरी आपटाव?"

बाया हसल्या. ज्योत्स्नाही हसली आणि माईकवरच बोलली, "नळाले गोड पानी आल्याशिवाय मी लगन करून जात नाही, मावशे."

टाळ्या पडल्या. प्रचारात बोललेलं कोण लक्षात ठेवतं, असं मला वाटलं. गावानं ते लक्षात ठेवलं.

लग्नाचं बोलणं खरंच चालू होतं, आणि ते मीच जुळवलं होतं. निवृत्त होऊन मी गावी देवमनकडे परतले, त्याआधी अकोल्याला माझ्या शेजारी माणिकबाई राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा नागसेन कॉलेजात शिकवायचा. ती मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा माणिकबाईंनी गाडीतून पाण्याची कॅन उतरवली, आणि आम्ही त्याच पाण्याचा चहा करून त्यांना दिला. नागसेननं मात्र आमच्या माठातलं पाणी मागितलं. एक ग्लास प्यायला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा मागितला.

"दुसरा काहून?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पहिल्यानं विश्वास नाही बसला."

ती किती तरी वेळ हसत होती. तिला इतकं हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

ती निवडून आली. नगरसेवक मात्र बहुतेक खुशालरावांचे. धरणावरून पाइपलाइन आणायची योजना जुनीच होती, धूळ खात पडलेली. ज्योत्स्ना सकाळच्या बसनं अमरावतीला जायची, कलेक्टर कचेरीत बसून राहायची, दुपारी परत येऊन सभा चालवायची. सभेत ओरडाओरडा झाला की ती पाण्याचा ग्लास पुढं सरकवायची आणि म्हणायची, "घ्या, खारं हाय. घसा लवकर बसते." रस्त्यानं निघाली की लोक विचारत, "ताई, पानी कई येते?" आणि पाठोपाठ, "मंग लगन कई?" दोन्ही प्रश्न एकच होऊन गेले होते. पार्बताबाई मला एकदा म्हणाली, "मास्तरीणबाई, पानी लेट झालं तरी चालते एका परीनं. पोट्टी तं राह्यते गावात."

नागसेन अधूनमधून यायचा. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसत आणि वाद घालत, तो पुस्तकांवरून, ती पाइपांवरून. तो गेला की ती त्याची खुर्ची बराच वेळ उचलत नसे.

२०१९च्या उन्हाळ्यात वरच्या आळीत नळाला गोड पाणी आलं. फटाके फुटले. पण पाइप आमच्या वस्तीच्या अलीकडे, नाल्यापाशी थांबला. पुढच्या कामाचा पैसा पुढं बघू, असं सभेत बहुमतानं ठरलं. खुशालराव ज्योत्स्नाला सगळ्यांदेखत म्हणाले, "गावात पानी आलं ना, अध्यक्षबाई? तुमचा शब्द पुरा झाला. आता खुशाल सासरी जा. आमी सारे येतो जेवाले."

त्याच महिन्यात माणिकबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. घरात करायला दुसरं कोणी नव्हतं. लग्न आता थांबवता येणार नाही, असा नागसेनचा फोन आला.

देवमन म्हणाला, "जाय बेटा. तू लय केलं." मग पार्बताबाई चार बाया घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली. "आमी तुले मोकळं केलं. बोलली होती ते इसरून जाय. आमाले काय, उरलंसुरलं प्याची सवय हाय."

बाया गेल्यावर ज्योत्स्नानं मला विचारलं, "आत्या, आजी विहिरीवर किती वेळ उभी राहायची?"

"कोणाला दया येईपर्यंत," मी म्हटलं.

मी दुसरं काही सांगायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही. पण खरं तेवढंच होतं.

दोघं बडनेरा स्टेशनवर भेटली. मला तिनं बरोबर नेलं होतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, तोंड रुळांकडे करून, पण ऐकू सगळं येत होतं.

"आईला उठवून बसवावं लागतं. बाई ठेवली होती, टिकली नाही," तो म्हणाला.

"मले आणखी एक वर्ष दे."

"मागच्या वर्षीही तू एकच मागितलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "अकोल्याला राहा अन् रोज ये-जा कर. गाडी आहे, बस आहे."

"मी दुपारी निघाली का मागं सभा लागते. काम नाल्यापाशीच पुरं झालं म्हणून ठराव होते. अन् तुह्या आईजवळ सकाळपासून कोन बसते? मी दोन्हीकडं अर्धीच पडते, नागसेन."

तो म्हणाला, "मी थांबलो असतो."

"म्हाईत हाय."

"आई थांबू शकत नाही."

"तेबी म्हाईत हाय."

अकोल्याची गाडी लागली. तो चढला तेव्हा ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "आईच्या पायाले रोज तेल चोळत जाय. सांज झाली की दुखतात तिचे." त्यानं मान हलवली. गाडी सुटली, तरी ती फलाटावर उभी होती. मी हाक मारली नाही.

त्या वर्षाअखेर नागसेनचं लग्न झालं. ज्योत्स्नानं मला लग्नाला पाठवलं. परत आले तेव्हा ती दिव्याखाली बसून नाल्यावरच्या पाइपाचा नकाशा बघत होती. वर न बघता विचारलं, "जेवायला काय होतं?"

"वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी."

"वरण शिजलं होतं चांगलं?"

"शिजलं होतं."

"अकोल्याला शिजतंच," ती म्हणाली.

मग कोरोना आला, काम अडलं, पुन्हा सुरू झालं. २०२१च्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीच्या नळाला पाणी आलं. आधी नुसती हवा, मग गढूळ लाल, मग स्वच्छ. पहिली घागर पार्बताबाईनं भरली. ओंजळभर प्यायली, तोंड पुसलं आणि सवयीनं ज्योत्स्नाकडे वळून म्हणाली, "आता लगन—" आणि तिथंच थांबली. ज्योत्स्नानं घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. "चाल, लाइन लागली मागं," म्हणाली.

देवमन ते पाणी दोनच महिने प्यायला. दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याच वर्षाच्या शेवटी ज्योत्स्नाची मुदत संपली आणि पुढं चार वर्षं गावावर प्रशासक होता. २०२५च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचं आरक्षण बदललं. तिला नगरसेवक म्हणून उभं राहा असं लोक म्हणाले, ती नाही म्हणाली. ती आता अमरावतीच्या कोर्टात वकिली करते, तिथंच खोली घेऊन राहते आणि शनिवारच्या बसनं घरी येते. खुशालराव मुलाकडे अमरावतीला राहायला गेले. गावात आले की पाणी आपणच आणलं असं सांगतात, आणि नवी पोरं ते खरं मानतात. पार्बताबाईचे गुडघे गेले, टोळी तिची सून नेते. माणिकबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. नागसेनला एक मुलगी आहे.

मागच्या उन्हाळ्यात तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून आला होता. नेमका शनिवार होता. ज्योत्स्नानं त्याला पाणी दिलं. त्यानं ग्लास रिकामा केला आणि हातातच धरून बसला. तिनं न विचारता तो पुन्हा भरला.

मी इथंच आहे. वरण आता दोन शिट्ट्यांत शिजतं. शनिवारी मी कुकर उशिरा लावते, बस आल्याचा आवाज ऐकल्यावर.