बाबांचा आकडा

हेमांगीने आकड्यांचा धसकाच घेतला होता. बोईसरच्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लॅबमध्ये ती सहा वर्षं रक्त तपासत होती. हार्ट अटॅकचा पेशंट आला की पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल लिंफोसाइटच्या किती पट आहेत, हे ती मनातल्या मनात काढायची. दोन-तीन पट असल्या, तर माणूस बहुधा घरी जायचा; दहाच्या वर गेल्या, तर सहसा नाही. डॉक्टर म्हणत, हा नुसता अंदाज आहे. असेलही! पण कुंभवलीचा बळवंत खाटेवर संत्रं सोलत हसत होता तेव्हा त्याचा आकडा होता सतरा, आणि तिसऱ्या सकाळी खाट रिकामी. तेव्हापासून तिला नातेवाइकांच्या नजरेला नजर देववत नसे.

मंगळवारी दुपारी आलेली नळी तिच्या बाबांची होती. रविवारी धर्माजी चिंचणीच्या वाडीत छाती धरून खाली बसले होते. आई गेल्यावर तिला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

यंत्राची शंका आली की हेमांगी त्यात स्वतःचं रक्त घालून बघायची. तिचा आकडा कायम दोनच्या आत, ठरलेला. आजही तिने बाबांच्या नळीमागे स्वतःची लावली.

बाबांचा आकडा आला अडीच. तिचा चौदा.

"शहाणे, नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस!" ती स्वतःवरच करवादली. चौदाचा आकडा बाबांचाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ती जिना चढून वॉर्डात गेली.

"परत रगत?" धर्माजी म्हणाले. "मी बरा हाय गं, आत्ताच पेज प्यायलो. पन तू का एवढी घामाघूम? रविवारी माजं झालेलं तसं."

"जिना चढले ना, बाबा."

या वेळी तिने दोघांचं रक्त तिथेच काढलं आणि नावंही त्यांच्यासमोरच लिहिली.

खाली यंत्र पुन्हा घरघरलं. बाबा अडीच. हेमांगी चौदा.

बाबा वाचणार! तिला हसूच फुटलं, आणि हसताना जबडा ठणकला. तो रविवारपासून ठणकत होता, डावा हातही जड झाला होता. दाढ असेल म्हणून ती लवंगेचं तेल लावत बसली होती. एसी चालू असून तिची पाठ ओलीचिंब होती. रविवारपासून मोजलं, तर उद्याची सकाळ तिसरी.

तिने वॉर्डात फोन लावला. "चारुता सिस्टर, एखादी खाट रिकामी आहे का?"

"बाबांच्या शेजारचीच आहे. पेशंटचं नाव सांग."

हेमांगीने दुसऱ्या नळीवरचं नाव वाचून दाखवलं, स्वतःचं.