काठापासून चार बोटं

गायत्रीला झोका लागायचा. म्हणजे कसं, कुणाला एसटी लागते, कुणाला बोट लागते, तसा हिला आखाजीचा झोका लागायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नंदुरबारकडच्या रनाळ्यात गल्लीगल्लीत निंबाला झोके बांधतात, सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणत पाय पार फांदीपर्यंत नेतात, आणि ही बाई तिसऱ्या हेलकाव्याला उतरून निंबामागे ओकायला पळायची. दर वर्षी. पोरी तिला जागाच ठेवायच्या, झोक्यावर नाही, निंबामागे.

आणि त्याच पोरीला यंदा आखाजीच्या चार दिवस आधी जहाजावरून बोलावणं आलं.

मालाचं जहाज होतं. बेल्जियमच्या बंदरातून भरून निघणार, अख्खा अटलांटिक समुद्र ओलांडून कॅनडाला जाणार. जूनच्या शेवटी हजर व्हायचं. काम डेक कॅडेटचं, म्हणजे वर उभं राहून जहाज चालवायला शिकायचं. नवी मुंबईत तिनं वर्षभर तोच कोर्स केला होता, आणि तेव्हा तिची आई रमिलाबाई काही बोलली नव्हती, कारण कोर्स जमिनीवर होता. आता पत्र हातात पडल्यावर तिनं ते दोनदा उलटं-सुलटं करून पाहिलं आणि देवळीत डब्याखाली ठेवून दिलं. गायत्रीचे वडील सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, तुझ्या आईला विचार. आईला विचारलं तर ती म्हणाली, धुडकूआप्पाला विचारू. त्या दिवसांत त्या समुद्रात हवा कशी असते ते आप्पा सांगेल. शांत असते म्हणाला तर जा. नाहीतर पत्र डब्याखालीच राहील.

एवढंच. आप्पाच्या एका शब्दावर सगळं.

गायत्री तर मनातून नाचलीच. कारण धुडकूआप्पा म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतकाका, एकोणीस वर्षं जहाजावर भंडारी होते. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. गावातल्या पोरांना कितीतरी दिवस ते त्यांचं आडनावच वाटायचं. दर आखाजीला आप्पा झोक्याशेजारी खाट टाकून बसायचे आणि समुद्र सांगायचे. पोरी वर झोक्यावर, आणि निंबामागून तोंड पुसत आलेली गायत्री खाली आप्पांच्या पायाशी. हातात आमरसाची वाटी, आणि आप्पा म्हणताहेत, लाट म्हणजे काय सांगू, तोरणमाळचा घाट उठून चालत आला असं समज. पाण्याचा रंग असा, की जांभळाचा रस सांडलाय. वीज पडली की पाण्यात आतपर्यंत दिसायचं. सात वर्षांची होती ती तेव्हा. रस गळून मनगटापर्यंत यायचा आणि तिला कळायचंही नाही. वाण्याच्या दुकानात गेली तरी तिला तागाच्या पोत्यांचा वास आला की वाटायचं, जहाजाला असाच वास येत असणार. ती जहाजाकडे गेली ती त्या खाटेवरून, दुसरं काही कारण नव्हतं.

तर आखाजीच्या दिवशी दुपारीच ती आप्पांकडे गेली. आई संध्याकाळी येणार होती, त्याआधी नीट विचारून घ्यावं म्हणून. वही घेऊन गेली बरं का, कोर्समध्ये शिकवलेले सगळे प्रश्न लिहून. जुलैत वारा कुठल्या बाजूनं असतो. लाटेची उंची किती. धुकं कुठे लागतं.

आप्पांनी आधी तिला खरबूज कापून दिलं. मग म्हणाले, ऊन फार झालंय, पाणी पी. मग सुनेनं केलेल्या सांजोऱ्या आणल्या. मग जहाजावरच्या एका उंदराची गोष्ट सांगितली, जी तिनं नऊ वेळा ऐकली होती. ती आपली पेन धरून बसलेली. शेवटी तिनं सरळ विचारलं, आप्पा, ती घाटाएवढी लाट आली तेव्हा ती जहाजाच्या पुढून आली होती की बाजूनं?

आप्पांनी सुरी पुसली, खरबुजाच्या साली गोळा केल्या.

"माय," ते म्हणाले, "लाटा म्हणशीन ते मी एक बी नही देखी."

आधी तिला वाटलं थट्टा करताहेत. पण आप्पा सालींकडेच बघत होते. हळूहळू सगळं सांगितलं त्यांनी. भंडाऱ्याचं स्वयंपाकघर लोखंडाचं, त्याला एकच गोल खिडकी, ताटलीएवढी, आणि समुद्र खवळला रे खवळला की तिच्यावर लोखंडी झाकण घालून पेच आवळायचे. दारं बंद. डेकवर जायला मनाई. पहाटे चारला उठायचं, रात्री भांडी आवरून पडायचं. बंदरं पाहिली, निवांत पाणी पाहिलं, ते पण त्या ताटलीएवढं. लाटा डेकवरची पोरं जेवताना सांगायची. ओली, थरथरत यायची, आणि गरम वरण पोटात गेलं की बोलायला लागायची. आप्पा वाढता वाढता ऐकायचे. गावात आल्यावर झोक्याशेजारी बसून तेच सांगायला लागले. एकदा सांगितलं, पोरी गप्प होऊन ऐकायला लागल्या, मग मागे कसं फिरणार.

गायत्रीला काय वाटलं असेल विचार करा. राग आला का, तर आला. पण त्याहून जास्त असं झालं, की ती सात वर्षांची पोर, ती रसाची वाटी, ते सगळं कुणीतरी हातातून काढून घेतलं. आणि त्याच्यामागून लगेच भीती, की संध्याकाळी आई येणार. तिनं वही मिटली आणि म्हणाली, आप्पा, तुम्ही फक्त एवढंच सांगा की तिथे शांत असतं, बाकी काही बोलू नका.

"तुन्ही माय मन्हा शब्दवर पोर धाडी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. ती उठून आली.

संध्याकाळी रमिलाबाई आली. डोक्यावर पदर, हातात रसाचा डबा. आता हे तुम्हाला माहीतच आहे, आप्पा तिचे चुलतसासरे. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, पण गावच्या रीतीनं ती त्यांच्याशी थेट बोलत नाही. मध्ये कुणीतरी लागतं. ती भिंतीशी तोंड थोडं वळवून बसली आणि लेकीला म्हणाली, "आप्पाले इचार, तठे पाणी कसं ऱ्हास."

गायत्रीनं विचारलंच नाही. आप्पांनी ऐकलं होतंच. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग जे दुपारी सांगितलं तेच रमिलाबाईला सांगितलं. समुद्र मी पाहिला नाही. आजपर्यंत जे सांगितलं ते दुसऱ्यांचं होतं.

रमिलाबाईनं निघायला म्हणून डबा उचलला. गायत्री तिथेच दारात, तिला ते देवळीतलं डब्याखालचं पत्र दिसायला लागलं.

"समुद्र नही देखा," आप्पा म्हणाले, "पण भगोनं देखं. त्यानंच सांगस."

रमिलाबाई थांबली. कारण ऐका, रमिलाबाई शाळेत खिचडी करते. एकशे ऐंशी पोरांची. भगोनं, म्हणजे मोठं पातेलं, म्हटल्यावर ती थांबणारच.

आप्पा म्हणाले, भगोन्यात डाळ किती भरायची, ते समुद्र ठरवतो. जास्त भरली की हेलकाव्याला सांडते, शेगडी विझते, माणूस भाजतो. म्हणून भंडारी रोज सकाळी बोटं लावून बघतो, काठापासून किती खाली ठेवायची. त्यांनी आपली बोटं आडवी धरून दाखवली. बंदरातून निघालं की दोन बोटं. जमीन सुटली की तिसऱ्या दिवशी लांबलचक हेलकावा सुरू होतो, म्हशीच्या चालीसारखा, संथ. चार बोटं. उन्हाळ्यात पुढचे आठवडाभर ते चार बोटांवरच राहतं. मध्ये एखाददुसरा दिवस वाऱ्याचा येतो, तेव्हा वीतभर खाली, आणि त्या दिवशी वरण नाही, नुसती खिचडी.

मग कॅनडा जवळ आला की भोंगा. धुकं पडतं ना, तर जहाज दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवतं, दिवसरात्र. हेलकावा नाही, डाळ पुन्हा दोन बोटांवर, पण गारठा असा की पावाचं पीठ फुगत नाही, मिठाचे गोळे होतात, आणि चहा दुप्पट लागतो. तोच तिथला उन्हाळा. पुढे मग मोठी नदी लागते, तिथे काठोकाठ भरा.

रमिलाबाईनं डबा खाली ठेवला होता. ती अजून भिंतीकडेच बघत होती, पण पदराखालून तिची बोटं मांडीवर आडवी पडत होती, दोन, मग चार. आणि एकदम तिनं मान वळवून आप्पांनाच विचारलं, "डाळ पातळ का घट?"

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या लक्षातही आलं नाही. आप्पांच्या आलं, पण त्यांनी दाखवलं नाही.

"पातळ," आप्पा म्हणाले. "घट डाळ हालत नही. तिले इचारीसन काय फायदा."

मग तर तिचे प्रश्नच थांबेनात. भगोनं सरकायचं नाही का? शेगडीला चारी बाजूंनी कठडा होता, आणि खाली ओलं फडकं. फोडणी कशी घालायची? खाली बसून. हिवाळ्यात किती बोटं? हिवाळ्यात भगोनं चढवतच नव्हतो, आप्पा म्हणाले, एकदा सहा दिवस पाव आणि उकडलेली अंडी, तीपण आधी उकडून ठेवलेली. आणि बैलपोळ्यानंतर? तिकडे तेव्हा वादळांचे दिवस सुरू होतात, पोळ्यानंतरचं मी छातीठोक सांगत नाही, एकदा भगोनंच भिंतीला जाऊन लागलं. पण जुलैचं सांगतो.

"चौदा उन्हाळा मी तठून गऊ. शेगडी एक दिन बी विझाडी नही."

रमिलाबाईनं डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, समुद्र शांत असेल, पोरगी कुठे धड आहे. हिला तर झोका सोसत नाही.

बाहेर निंबाला झोका होताच. पोरी अंधार पडायच्या आत शेवटची गाणी म्हणत होत्या. गायत्री बाहेर गेली, एका पोरीला उतरवलं, आणि बसली. आईदेखत, आप्पांदेखत, अख्ख्या गल्लीदेखत. पहिला हेलकावा. दुसरा. तिसऱ्याला ती उतरली आणि निंबामागे गेली. पोरी हसल्या, हसणारच ना. रमिलाबाई दारात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

गायत्री तोंड पुसत आली आणि पुन्हा बसली. पुन्हा गेली, पुन्हा आली. चौथ्या वेळी पोरींनी हसायचं सोडलं, आणि एकीनं मागून हळूच झोका द्यायला सुरुवात केली.

आप्पा खाटेवरून म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "पहिला टायमाले अकरा दिन मी उलट्या करात. पण अकरा दिन चोवीस मानसं जेवनात."

हे रमिलाबाईला कुणी समजावायची गरजच नव्हती. अंगात ताप असताना, थंडी वाजत असताना ती शाळेत गेली आहे, कारण एकशे ऐंशी पोरं ताटं घेऊन बसलेली असतात. ती झोक्याकडे बघत राहिली. मग आत वळून आप्पांना विचारलं, "स्वेटर आते नंदुरबारले भेटी का?"

गायत्रीनं ते झोक्यावरून ऐकलं. पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला तिनं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी नंदुरबारला. चव्वेचाळीस डिग्री, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि रमिलाबाई दुकानादुकानात जाऊन लोकरीचा स्वेटर मागतेय, आणि दुकानदार आधी तिला पाणी विचारताहेत. पाचव्या दुकानात वरच्या माळ्यावरून एक निघाला, मरून रंगाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. तो घेतला. आणि जायच्या दिवशी त्याच स्वेटरच्या घडीत तिनं लू लागू नये म्हणून कांदा ठेवला. गायत्री म्हणाली, आई, दोन्ही कसं? रमिलाबाई म्हणाली, मुंबईपर्यंत तर कांदाच लागेल ना.

निघताना आप्पांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिला एकच सांगितलं. "तू वर उभी ऱ्हाशीन. एकदाव मन्हासाठे देखजो."

तर जुलैतली गोष्ट. गायत्री पहिले तीन दिवस बादली घेऊन ड्यूटीला उभी राहिली. चौथ्या दिवशी बादली नेली, पण लागली नाही. सहाव्या दिवशी पहाटे, तो मरून स्वेटर घालून, ती वर एकटी बाहेरच्या बाजूला उभी होती, आणि समोर सगळं उजाडलं. तिनं ड्यूटी संपल्यावर जहाजाच्या नेटवरून आप्पांना मोबाईलवर आवाज पाठवला. म्हणाली, आप्पा, लाट तोरणमाळएवढी नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी आहे. पण जांभळाचा रंग खरा आहे, सूर्य निघायच्या आधी दहा मिनिटं, अगदी तुम्ही सांगायचा तसा. ज्या पोरानं तुम्हाला तो सांगितला त्यानं नीट पाहिलेला. मी तुमच्यासाठी पाहिला. एवढं बोलली, आणि मग तिला रडू आलं म्हणून तिनं बोट उचललं.

रनाळ्यात तेव्हा दुपार. आप्पांना मोबाईल वापरता येत नाही म्हणून ते तो घेऊन शाळेत गेले होते, खिचडीच्या चुलीपाशी, रमिलाबाईकडे. दोघांनी तो आवाज किती वेळा ऐकला कुणास ठाऊक. जहाजावर संध्याकाळी गायत्रीला उत्तर आलं. आधी नुसती भांड्यांची खडखड, पोरांचा गलका, पाऊस पत्र्यावर. मग आप्पांचा आवाज, मोबाईल अगदी तोंडाशी धरलेला. रंगाबद्दल काहीच बोलले नाहीत ते. फक्त विचारलं, "डाळ कितला बोटं शे?"

गायत्री धावत खाली गेली. भंडारी गोव्याचा होता, त्यानं वेड्यासारखं बघितलं तिच्याकडे, पण झाकण काढू दिलं. तिनं काठाला बोटं लावली. एक, दोन, तीन, चार.

वर येऊन ती तेच बोलणार होती. पण आप्पांचा निरोप अजून संपला नव्हता, तिनं अर्ध्यातच सोडला होता. तिनं पुढचा लावला. आप्पांच्या मागून, चुलीपाशी बसूनच बोलावं तसा, आईचा आवाज येत होता.

"आप्पा, पातळ शे का घट, ते बी इचारा तिले."